कमांड लाइनवरील विकास-साधनांची वापरापूर्वी स्वयंचलित पुनर्स्थापना : महाड-पोलादपूर परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत कंपायलर, चाचणी-साधने, डेटाबेस-साधने इत्यादी अनेक साधने कमांड लाइनवरून वापरली जातात. ही साधने प्रत्येक संगणकावर एकाच आवृत्तीत उपलब्ध असतीलच असे नाही. प्रकल्पासोबत ठेवलेली साधनसूची वाचून, साधन चालविण्यापूर्वी त्याची नेमकी आवृत्ती आपोआप आणून ठेवण्याच्या पद्धतीस प्रस्तुत लेखात 'स्वयंचलित पुनर्स्थापना' असे म्हटले आहे. या पद्धतीची कार्यप्रणाली, तिचे फायदे, तिच्यातील धोके आणि महाड-पोलादपूरसारख्या अतिवृष्टीच्या व खंडित संपर्काच्या प्रदेशात ती राबविताना घ्यावयाची दक्षता यांचा येथे विचार केला आहे. पुनर्स्थापनेचे काम यंत्राने करावे, आवृत्तीची निवड मात्र माणसाने लेखी करावी, आणि पुनर्स्थापनेचा स्रोत शक्यतो महाविद्यालयाच्या आवारातच असावा, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : कमांड लाइन, साधनसूची, पुनर्स्थापना, स्थानिक साठा, आवृत्ती, प्रात्यक्षिक परीक्षा.

१. प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी वहीत केवळ निष्कर्ष लिहीत नाही. कोणते द्रावण वापरले, त्याची संहती किती होती, हेही तो नोंदवितो. ही नोंद नसेल तर दुसऱ्यास तोच प्रयोग करून तेच उत्तर मिळविता येत नाही आणि परीक्षकास ते तपासता येत नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र या शिस्तीकडे बहुधा दुर्लक्ष होते. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवला जातो. परंतु तो ज्या साधनांच्या आधारे चालला, त्यांची नावे व आवृत्त्या कोठेही नोंदविल्या जात नाहीत. परिणामी एका संगणकावर बिनचूक चाललेला प्रोग्रॅम शेजारच्या संगणकावर अडतो, आणि दोष विद्यार्थ्याचा की साधनाचा हे ठरविणे अवघड होते.

प्रात्यक्षिक परीक्षेत हा प्रश्न गुणांचा, म्हणजेच न्यायाचा होतो. साधन सापडत नाही म्हणून अडलेला विद्यार्थी आणि विषय समजला नाही म्हणून अडलेला विद्यार्थी बाहेरून सारखेच दिसतात. घरी स्वतःचा लॅपटॉप व वेगवान इंटरनेट असणारा विद्यार्थी साधनांची जुळवाजुळव अगोदरच करून येतो. पोलादपूर तालुक्यातील डोंगरातल्या वाडीवरून एस. टी.ने येणाऱ्या आणि संगणक फक्त महाविद्यालयातच हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला ती संधी नसते. त्याच्या वाट्याला येणाऱ्या दोन तासांच्या प्रात्यक्षिकातील किती वेळ विषयासाठी आणि किती वेळ साधने गोळा करण्यासाठी खर्च होतो, हा म्हणूनच शैक्षणिक समतेचा प्रश्न आहे. तंत्र म्हणून क्षुल्लक वाटणारी 'वापरापूर्वी पुनर्स्थापना' ही पद्धत या प्रश्नाचे एक व्यवहार्य उत्तर आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

संगणकशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांसाठी काही संज्ञा आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल.

कमांड लाइन : पडद्यावरील चित्रांवर क्लिक न करता, शब्दांत आज्ञा टंकून संगणकाकडून काम करून घेण्याची पद्धत. ती जुनी असली तरी सॉफ्टवेअर-विकासात आजही मध्यवर्ती आहे. कारण टंकलेली आज्ञा लिहून ठेवता येते, दुसऱ्यास देता येते आणि जशीच्या तशी पुन्हा चालविता येते.

विकास-साधन : प्रोग्रॅम घडविण्यासाठी लागणारा सहायक प्रोग्रॅम. सुताराच्या दृष्टीने खुर्ची ही वस्तू आणि रंधा हे साधन. त्याप्रमाणे विद्यार्थ्याचा प्रकल्प ही वस्तू आणि कंपायलर, चाचणी-साधन, डेटाबेसची रचना बदलणारे साधन ही विकास-साधने होत.

आवृत्ती : साधनाच्या विशिष्ट रूपास दिलेला क्रमांक. साधनाचे नाव तेच राहून आवृत्ती बदलली की त्याचे वर्तनही बदलू शकते.

साधनसूची : प्रकल्पास कोणती साधने, कोणत्या आवृत्तीत लागतात, याची प्रकल्पासोबतच ठेवलेली लहानशी मजकूर-फाइल.

पुनर्स्थापना : साधनसूची वाचून त्यातील प्रत्येक साधन संगणकावर उपलब्ध करून देणे. ते आधीच उपलब्ध असेल तर काही न करणे, हाही या व्याख्येचा भाग आहे. म्हणूनच पुनर्स्थापना एकदा केली काय किंवा दहादा केली काय, अंतिम स्थिती एकच राहते.

स्थानिक साठा : एकदा आणलेली साधने पुन्हा आणावी लागू नयेत म्हणून संगणकाच्या डिस्कवर राखलेली जागा.

सर्वसाधारण स्थापना आणि पुनर्स्थापना यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. स्थापना करताना माणूस 'मला हे साधन हवे' असे सांगतो आणि बहुधा त्या दिवशीची सर्वांत नवी आवृत्ती त्याच्या हाती पडते. जूनमध्ये स्थापना करणाऱ्याला एक आवृत्ती मिळते, नोव्हेंबरमध्ये करणाऱ्याला दुसरी. पुनर्स्थापनेत यंत्र 'या प्रकल्पासाठी पूर्वी ठरलेले साधन' शोधते. तेथे नव्याजुन्याचा प्रश्न नसतो, ठरलेल्याचा असतो.

३. प्रचलित व्यवस्थांचा आढावा

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट व्यवस्थेत हा प्रवास टप्प्याटप्प्याने झालेला दिसतो. मे २०१८ मध्ये आलेल्या डॉटनेट कोअर २.१ मध्ये कमांड लाइनवरील साधने पॅकेजच्या रूपात आणून बसविण्याची सोय झाली. ही साधने 'ग्लोबल', म्हणजे त्या वापरकर्त्याच्या सर्व प्रकल्पांसाठी सामाईक होती. एका वेळी एकच आवृत्ती बसत असल्याने दोन प्रकल्पांना दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असल्यास पेच निर्माण होई. सप्टेंबर २०१९ मधील डॉटनेट कोअर ३.० मध्ये 'लोकल' साधने आली. प्रकल्पातील 'डॉटनेट-टूल्स' या नावाच्या जेसन फाइलीत साधनाचे नाव, आवृत्ती व आज्ञा लिहिली जाते. 'डॉटनेट टूल रिस्टोअर' ही आज्ञा दिली की सूचीतील सर्व साधने नेमक्या त्याच आवृत्तीत उपलब्ध होतात.

याच ३.० आवृत्तीत आणखी एक बदल झाला, जो अध्यापकांना विशेष बोधप्रद वाटेल. डेटाबेसची रचना प्रोग्रॅममधून घडविण्यासाठी वापरले जाणारे 'डॉटनेट ईएफ' हे साधन तोपर्यंत मूळ संचासोबतच येत असे. ३.० पासून ते वेगळे पॅकेज झाले. आधीच्या टिपणांत लिहिलेली आज्ञा अक्षरशः तशीच टंकूनही नव्या संचावर 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश येऊ लागला. टिपण चुकीचे नव्हते, विद्यार्थीही चुकला नव्हता. त्यांच्यामधले साधन नाहीसे झाले होते. टिपणासोबत साधनसूची असती तर हा बदल विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलाच नसता.

लोकल साधन सूचीत आहे पण संगणकावर नाही, अशा स्थितीत डॉटनेट थांबते आणि 'टूल रिस्टोअर ही आज्ञा चालवा' असे सुचविते. म्हणजे काय करावे हे त्याला ठाऊक असते, तरीही ते स्वतः करीत नाही. नवख्या विद्यार्थ्यास हा संदेश त्रुटी वाटतो व तो हात वर करून बसतो. हा टप्पा आपोआप पार पाडावा की नाही, हाच आपला विषय आहे.

इतर व्यवस्थांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जावा व अँड्रॉइडच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला ग्रेडल रॅपर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रकल्पासोबत एक छोटी स्क्रिप्ट येते. ती चालविली की ग्रेडलची ठरलेली आवृत्ती डिस्कवर आहे का हे ती पाहते, नसल्यास आणते आणि मग मूळ काम सुरू करते. विद्यार्थ्याला 'ग्रेडल स्थापना' हा पाठ शिकावाच लागत नाही. जावास्क्रिप्टच्या जगात २०१७ मध्ये एनपीएम ५ सोबत 'लॉक फाइल' आली, तर २०१८ मध्ये त्या फाइलीशी तंतोतंत जुळणारी स्थापना करणारी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा आली. पायथनमध्ये प्रकल्पागणिक वेगळे वातावरण राखण्याची 'व्हेन्व्ह' ही सोय २०१२ मधील ३.३ आवृत्तीपासून आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'यूव्ही' या साधनाची 'यूव्ही रन' ही आज्ञा तर प्रोग्रॅम चालविण्यापूर्वी त्याचे वातावरण सूचीशी जुळवून घेते आणि मगच तो चालविते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉटनेट १० मध्ये 'टूल एक्झेक' ही आज्ञा आली. साधन कायमचे न बसविता आणून लगेच चालविणे तिच्यामुळे शक्य होते; मात्र उतरवून घेण्यापूर्वी ती वापरकर्त्याची संमती विचारते. एनपीएमच्या 'एनपीएक्स' या आज्ञेतही २०२० मधील सातव्या आवृत्तीपासून अशी विचारणा होते. ही विचारणा अकारण नाही, हे सहाव्या विभागात स्पष्ट होईल.

४. वापरापूर्व पुनर्स्थापनेची कार्यप्रणाली

स्वयंचलित पुनर्स्थापनेसाठी साधन थेट न चालविता एका मध्यस्थ स्क्रिप्टद्वारे चालवावे लागते. या मध्यस्थाचे काम पुढील पायऱ्यांत सांगता येईल.

(१) साधनसूची वाचून तिचा 'ठसा' काढणे. माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे फाइलीचाही गणिती ठसा निघतो, त्यास हॅश म्हणतात. फाइलीतील एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा बदलतो.

(२) मागील यशस्वी पुनर्स्थापनेच्या वेळी एका खूणफाइलीत नोंदवून ठेवलेल्या ठशाशी त्याची तुलना करणे.

(३) दोन्ही ठसे जुळत असतील व साधन स्थानिक साठ्यात असेल, तर दुसरे काहीही न करता साधन चालविणे.

(४) जुळत नसतील तर पुनर्स्थापना करणे, आणि ती पूर्ण यशस्वी झाल्यावरच नवा ठसा नोंदविणे.

(५) पुनर्स्थापना फसल्यास तेथेच थांबून, कोणते साधन व कोणती आवृत्ती मिळाली नाही हे वाचता येईल अशा भाषेत सांगणे.

यातील तिसरी पायरी वेळ वाचविते. प्रात्यक्षिकात विद्यार्थी एकच आज्ञा पन्नास वेळा देतो. प्रत्येक वेळी नेटवर्ककडे विचारणा होऊ लागली तर सोय हीच अडचण होऊन बसेल. 'जे बदलले तेवढेच पुन्हा करावे' हे तत्त्व जुने आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेले 'मेक' हे साधन फाइलींच्या वेळांची तुलना करून याच तत्त्वावर चालते. डॉटनेटच्या बांधणी-व्यवस्थेतही एखाद्या कामास 'आगत' व 'निर्गत' फाइली नेमून देता येतात. आगत म्हणून साधनसूची व निर्गत म्हणून खूणफाइल नेमली की सूची बदलल्याशिवाय पुनर्स्थापना होत नाही.

पाचवी पायरी शिस्तीची आहे. ठरलेली आवृत्ती मिळाली नाही म्हणून जी मिळेल ती चालविण्याचा मोह मध्यस्थ स्क्रिप्टने टाळला पाहिजे. तसे केल्यास ज्या विसंगतीच्या निवारणासाठी ही व्यवस्था उभारली, तीच गुपचूप परत येते. थांबणे गैरसोयीचे असले तरी प्रामाणिक असते.

आणखी तीन बारकावे नमूद करणे आवश्यक आहे. पहिला, पुनर्स्थापनेचे संदेश साधनाच्या मूळ उत्तरात मिसळू नयेत, ते त्रुटी-प्रवाहावर जावेत. अन्यथा एका साधनाचे उत्तर दुसऱ्या साधनाला पुरविताना नको तो मजकूर आत शिरतो. दुसरा, साधनाने दिलेला यशापयशाचा संकेतांक मध्यस्थाने न बदलता पुढे पोहोचवावा. तिसरा, मूळ संच पुनर्स्थापनेच्या कक्षेत येत नाही. डॉटनेटचा संच, जावा किंवा नोड ही पायाभूत सामग्री संगणकावर अगोदर असावीच लागते. डॉटनेटमधील 'ग्लोबल' नावाची जेसन फाइल कोणता संच हवा हे सांगते, पण तो आणून देत नाही. चुलीवाचून शिधा शिजत नाही, तसेच हे आहे.

५. महाड-पोलादपूर परिसराचा संदर्भ

ही सर्व साधने घडविणाऱ्यांनी एक गोष्ट मनोमन गृहीत धरलेली असते : नेटवर्क नेहमी आहे आणि ते वेगवान आहे. अंतर्गत रायगडात हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे वाहते. महाडजवळ तिला काळ व गांधारी या नद्या मिळतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने येथे पाऊस प्रचंड पडतो आणि पूर व दरडी हा पावसाळ्याचा नित्याचा धोका आहे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई आदी गावांवर दरडी कोसळल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले व जिल्ह्यातील वीजव्यवस्था विस्कळीत झाली. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहराचा मोठा भाग पुराच्या पाण्याखाली गेला. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तर पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. अशा आपत्तीत माणसांपुढे यंत्रांची हानी गौणच असते. परंतु पाणी ओसरल्यावर बाजारपेठ, कार्यालये व शाळा-महाविद्यालये यांना पुन्हा उभे राहावे लागते, आणि त्या वेळी 'आपल्याकडे काय होते' याची लेखी नोंद असणारे लवकर उभे राहतात.

साधनसूचीचे महत्त्व येथे प्रत्ययास येते. तळमजल्यावरील प्रयोगशाळेतील संगणक निकामी झाले, तरी प्रत्येक विषयाच्या प्रकल्पासोबत काही किलोबाइटांची सूची अन्यत्र सुरक्षित असेल, तर नव्या संगणकांवर तीच प्रयोगशाळा पुन्हा घडविता येते. सूची नसेल तर ती प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते.

मात्र सूची असली तरी साधने येणार कोठून, हा प्रश्न उरतो. त्यासाठी एक साधा हिशेब करून पाहू. ग्रेडलची एक आवृत्ती सुमारे १३० मेगाबाइटांची आहे आणि प्रयोगशाळेत ३० संगणक आहेत असे मानू. सर्वांनी एकाच वेळी प्रकल्प चालविला तर ३,९०० मेगाबाइट आणावे लागतील. इंटरनेटची सामाईक जोडणी १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची असेल व तिचा पूर्ण वेग मिळाला, तरी यास ३,१२० सेकंद, म्हणजे ५२ मिनिटे लागतील. दोन तासांच्या प्रात्यक्षिकाचा जवळजवळ अर्धा वेळ एकच फाइल तीस वेळा आणण्यात जाईल. तीच फाइल आवारातील एका संगणकावरून १०० मेगाबिटच्या अंतर्गत जाळ्याने पुरविली, तर हा वेळ सव्वापाच मिनिटांच्या आसपास येतो. आणि इंटरनेट पूर्णपणे बंद असले तरी प्रात्यक्षिक अडत नाही.

येथे आणखी दोन गोष्टी प्रयोगशाळा-प्रमुखांच्या लक्षात असाव्यात. बहुतेक साधनांचा स्थानिक साठा वापरकर्त्याच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये असतो. प्रत्येक तुकडीला वेगळे लॉगिन दिले असेल, तर सकाळच्या तुकडीने आणलेले साधन दुपारच्या तुकडीस दिसत नाही व ते पुन्हा आणले जाते. तसेच काही प्रयोगशाळांत संगणक पुन्हा सुरू करताच पूर्वस्थितीत नेणारे सॉफ्टवेअर बसविलेले असते. विषाणूंपासून संरक्षण म्हणून ते योग्य असले, तरी त्यामुळे स्थानिक साठाही दररोज पुसला जातो. अशा ठिकाणी स्वयंचलित पुनर्स्थापना रोज नव्याने घडेल आणि दोष मात्र इंटरनेटच्या माथी जाईल. उपाय सोपा आहे : साठ्याची जागा पुसल्या न जाणाऱ्या विभागात ठरवून द्यावी. नुगेट, ग्रेडल, एनपीएम व पिप या चारही व्यवस्थांत ही जागा बदलता येते.

६. धोके व मर्यादा

पुनर्स्थापना म्हणजे अखेर बाहेरून आलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालविणे. तो आपोआप चालू लागला की त्याच्याकडे माणसाचे लक्ष राहत नाही. येथेच सोय व सावधगिरी यांचा संघर्ष उद्भवतो.

मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमच्या भांडारातून काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर अडले. साधनांचा स्रोत आपल्या हाती नसतो, हा या घटनेचा धडा. सप्टेंबर २०२५ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला. 'चॉक' व 'डीबग' यांसारख्या अतिशय लोकप्रिय पॅकेजांच्या देखभालकर्त्याचे खाते फसवणुकीने ताब्यात घेऊन त्यांच्या दूषित आवृत्त्या प्रसृत करण्यात आल्या. त्या काही तासांतच काढून टाकण्यात आल्या. परंतु 'नेहमी नवीनतम आवृत्ती आण' असे सांगून ठेवलेला संगणक त्या तासांत चालू असता, तर त्याने दूषित आवृत्तीच आणली असती. ज्या प्रकल्पांत जुनी आवृत्ती नेमकेपणाने नोंदलेली होती, त्यांच्या पुनर्स्थापनेत नवी दूषित आवृत्ती शिरण्यास वाव नव्हता.

यावरून स्वयंचलनाची सीमारेषा स्पष्ट होते. ठरलेली आवृत्ती आणणे हे यंत्राचे काम. ती ठरविणे किंवा बदलणे हे माणसाचे. सूचीत 'नवीनतम' असा शब्द लिहिणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करणे होय.

आवृत्तीचा क्रमांक नोंदविणे आवश्यक असले तरी प्रत्येक वेळी तेवढेच पुरते असे नाही. एनपीएमच्या लॉक फाइलीत पॅकेजचा गणिती ठसाही असतो व आणलेली फाइल त्याच्याशी ताडून पाहिली जाते. ग्रेडल रॅपरमध्ये असा ठसा नोंदविण्याची ऐच्छिक सोय आहे. पिपमध्येही ठशाची सक्ती करता येते. डॉटनेटच्या साधनसूचीत मात्र केवळ नाव व आवृत्ती असते, ठसा नसतो. म्हणून तेथे पॅकेज कोणत्या स्रोतांकडून घ्यावे हे 'नुगेट कॉन्फिग' फाइलीत स्पष्ट लिहून तो स्रोत मर्यादित ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरते. एनपीएमच्या पॅकेजांत स्थापनेच्या वेळीच चालणाऱ्या स्क्रिप्टही असू शकतात; गरज नसल्यास त्या बंद ठेवता येतात.

दुसरी मर्यादा शैक्षणिक आहे. सर्व काही आपोआप घडले तर विद्यार्थी साधनांविषयी अनभिज्ञच राहील, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्य आहे. म्हणून वर्षारंभीचे एक प्रात्यक्षिक मुद्दाम साधनसूचीवरच घ्यावे : सूची लिहिणे, आवृत्ती बदलणे, साठा पुसून पुन्हा पुनर्स्थापना करणे. त्यानंतरच्या प्रात्यक्षिकांत हे ओझे यंत्राकडे सोपवावे. पाढे पाठ झाल्यावर गणकयंत्र हाती द्यावे, तसाच हा क्रम आहे.

७. महाविद्यालयांसाठी काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे या परिसरातील महाविद्यालयांस पुढील उपाय सुचविता येतील. त्यांपैकी कोणत्याही उपायास मोठा खर्च येत नाही.

(१) प्रत्येक प्रात्यक्षिक विषयासाठी विभागाने साधनसूची व लॉक फाइल तयार करून ती अभ्यासक्रमाच्या टिपणांसोबतच द्यावी. वर्षभर ती बदलू नये. बदलणे अपरिहार्य झाल्यास बदलाची तारीख व कारण नोंदवावे.

(२) प्रयोगशाळेतील एक संगणक साधनभांडार म्हणून राखून ठेवावा. नुगेट साध्या सामाईक फोल्डरलाही स्रोत म्हणून स्वीकारते. पायथनची पॅकेजे एकदा उतरवून फोल्डरमधून पुरविता येतात. ग्रेडल रॅपरमधील पत्ता अंतर्गत सर्व्हरकडे वळविता येतो. एनपीएमसाठी 'व्हर्डाचिओ' हे मुक्त स्रोत स्थानिक भांडार उपलब्ध आहे.

(३) मे व जून महिन्यांत, पावसाने जोर धरण्यापूर्वी, सर्व विषयांच्या सूचींची पुनर्स्थापना एकदा करून भांडार पूर्ण भरून घ्यावे. त्यानंतर इंटरनेटची तार काढून सर्व प्रात्यक्षिके चालवून पाहावीत. तार काढल्यावर जे चालते तेच खरोखर आपल्याजवळ आहे असे समजावे.

(४) भांडाराची एक प्रत वरच्या मजल्यावर व दुसरी अन्य गावातील सहयोगी संस्थेत ठेवावी. महाड व पोलादपूर ही दोन्ही ठिकाणे सावित्रीच्याच खोऱ्यात असल्याने तिसरी प्रत खोऱ्याबाहेर असणे अधिक सुरक्षित. हार्ड डिस्कच्या एका जोडीने हे काम भागते.

(५) परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर मध्यस्थ स्क्रिप्ट चालवून साठा भरून घ्यावा व परीक्षेच्या वेळी पुनर्स्थापना 'ऑफलाइन' पद्धतीवर ठेवावी. उत्तरपत्रिकेसोबत सूचीचा ठसा नोंदविला, तर कोणत्या साधनांवर परीक्षा झाली याचा पुरावा राहतो आणि फेरतपासणी शक्य होते.

(६) त्रुटी-संदेश शक्यतो मराठीत लिहावेत. मध्यस्थ स्क्रिप्ट आपणच लिहिणार असल्याने हे सहज साध्य आहे. 'हे साधन भांडारात नाही. प्रयोगशाळा-साहाय्यकांना आवृत्ती क्रमांक सांगा' या एका वाक्याने विद्यार्थ्याची भीती बरीच कमी होते.

८. समारोप

वापरापूर्वी साधनांची स्वयंचलित पुनर्स्थापना हे काही स्वतंत्र शास्त्र नव्हे. ती एक शिस्त आहे. प्रयोगाची सामग्री लेखी असावी, ती कोणासही पुन्हा जुळविता यावी आणि जुळविण्याचे कष्ट विद्यार्थ्याच्या वेळेतून वजा होऊ नयेत, एवढीच तिची अपेक्षा. ही शिस्त मोठ्या उद्योगांत सोय म्हणून पाळली जाते. महाड-पोलादपूरसारख्या प्रदेशात तिचे मोल अधिक आहे, कारण येथे नेटवर्क, वीज व रस्ता यांपैकी काहीही पावसाळ्याच्या कोणत्याही दिवशी नाहीसे होऊ शकते. ठरविणारा माणूस, आणून देणारे यंत्र आणि आवारातील भांडार या तिन्ही गोष्टी जागेवर असतील, तर वाडीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याचे दोन तास त्याच्या विषयालाच मिळतील. प्रात्यक्षिकात मग त्याने काय जाणले याचीच परीक्षा होईल. त्याच्या संगणकावर योगायोगाने काय होते याची नव्हे.